चेंडूला जात नाहीं, निवडणाराला आहे

खेळ म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असें आमच्या पुष्कळ शेतकरी व कारागीर बांधवांना वाटतें. नांगर, ऐरण आणि रापी यांतून ज्याला उसंत नाहीं, त्याला तसें वाटणें साहजिक आहे. पण बांधवांनो, जातीची उतरंड किती खोटी आहे हें भर उन्हांत, हजारों डोळ्यांदेखत सिद्ध होतें तें मैदानावर. म्हणूनच त्याच्या दारावर पहारा असतो.

बाळू पालवणकर यांचेंच पाहा. चांभाराच्या घरीं जन्मलेला हा गडी पुण्यास गोऱ्या साहेबांच्या क्लबांत महिना ४ रुपयांवर चाकरीस होता. साहेबांच्या सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकावे. बॅट मात्र हातीं यावयाची नाहीं! पुढें पुण्याच्या हिंदु क्लबाला साहेबांना हरवायचें होतें, तेव्हां बाळूंची गोलंदाजी चालली, स्पर्श चालेना. मैदानावर एकच चेंडू सर्वांनीं हाताळावा, आणि चहाच्या वेळीं बाळूंनीं बाहेर बसून मातीच्या भांड्यांतून प्यावें! चेंडू विटाळत नाहीं आणि कप विटाळतो, हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे?

१९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं गोऱ्यांना हरविलें, त्यांत बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर गडी बाद केले. तरी हिंदु संघाचा कर्णधार म्हणून त्यांना नेमलें नाहीं. घाम आमचा, हुकूम त्यांचा!

गुणाची कदर आपोआप होते, असें सांगणाऱ्यांनीं पुढचें ऐकावें. १९२० सालीं कर्णधारपदाच्या अन्यायाविरुद्ध बाळूंचे भाऊ विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. वाद चव्हाट्यावर आला. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षीं चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. नुसत्या बळींनीं जें मिळालें नाहीं, तें नकारानें मिळालें.

तेव्हां आजही टाळ्यांनीं फसूं नका. पोर कुस्ती मारून आलें कीं आपण फेटा बांधतों, मिरवणूक काढतों. पण संघ निवडणाऱ्या मंडळांत आणि मैदानाच्या पैशाच्या हिशेबांत आपला माणूस कोठें आहे, हें विचारीत नाहीं. शाळेला मैदान मागा. मुलांबरोबर मुलींनाही तेथें धाडा. आणि निवडीच्या बैठकींत कष्टकऱ्यांच्या घरचा माणूस बसवा. चेंडू टाकणारा हात आपला, तर नाणें उडविणारा हातही आपला असला पाहिजे.