स्प्रिंगवाल्यांचा रविवार

गेले दोन महिने मी शनिवार-रविवार कुठे गायब असतो, असं विचारणाऱ्या समस्त मित्रमंडळींना हे एकत्रित उत्तर. मी जंगलात गवत कापत होतो, लोखंडी कावळ्यांना पिवळा रंग देत होतो आणि सुतळीचे गुंते सोडवत होतो. बायकोच्या मते सोमवार ते शुक्रवार ऑफिसात मी हेच करतो, फक्त तिथे पगार मिळतो.

तर झालं असं, की इंग्लंडात आल्यावर तिसऱ्या वर्षी मला एअर रायफलचा नाद लागला. आपल्यातल्या बहुतेकांचा या वस्तूशी संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता. नळी खाली वाकवून कॉक करायची, छर्रा घालायचा, नेम धरायचा आणि फुगा सोडून बाकी सगळीकडे मारायचं. ती जत्रेतली बंदूक स्प्रिंगवाली असते. इथे आमच्या क्लबात लोक वापरतात त्या स्प्रिंगवाल्या रायफली तिच्याच जातीच्या, फक्त चांगल्या घरात वाढलेल्या.

खेळाचं नाव फील्ड टार्गेट. सुरुवात १९८० साली, इंग्लंडातच, ससेक्समधल्या मॅगहॅम डाऊन नावाच्या खेड्यात. रानात ठिकठिकाणी पक्ष्या-प्राण्यांच्या आकाराची पत्र्याची टार्गेट्स ठेवतात. प्रत्येकाला एक गोल भोक, ४०, २५ किंवा १५ मिलीमीटरचं, आणि भोकामागे एक पट्टी. छर्रा भोकातून जाऊन पट्टीला लागला तर टार्गेट मागे पडतं. पत्र्याला लागला तर नुसतं 'टण्ण' होतं आणि तुमची नाचक्की सगळ्या रानाला कळते. अंतरं ८ ते ५५ यार्ड, पण ती कुणी सांगत नाही. लेझरने मोजायची बंदी. दुर्बिणीचं फोकस फिरवून, चित्र कुठे स्पष्ट होतंय त्यावरून अंदाज घ्यायचा. पाडलं तर एक गुण, नाही तर शून्य. नंतर सुतळी ओढून टार्गेट पुन्हा उभं करायचं.

सुरुवातीला सगळेच स्प्रिंगवाले होते. मग आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली आल्या, ज्यांना इथे पीसीपी म्हणतात. सिलिंडरमधून २०० बारच्या आसपास हवा भरली की काम झालं, झटका जवळजवळ नाहीच. दहा-पंधरा वर्षांत फील्ड टार्गेट त्यांचं झालं. आज जागतिक स्पर्धेत स्प्रिंगवाल्यांचा वेगळा गट असतो, पण क्लबाच्या रोजच्या स्पर्धेत ते चाळीस माणसांत पाच-सहा. आणि रान आखलेलं असतं पीसीपीवाल्यांसाठी.

यात फरक काय पडतो? स्प्रिंग रायफलचा चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, म्हणून रायफल मागे येते. मग पिस्टन कोंडलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढे जाते. हे सगळं होत असताना छर्रा अजून नळीतच असतो! म्हणजे रायफल तुम्ही कशी धरली, डावा हात कुठे टेकला, गुडघ्यावर किती भार दिला, या सगळ्याची नोंद छर्ऱ्यावर होते. काल जमलेला नेम आज दोन बोटं पुढे धरल्यावर चुकतो. पीसीपीवाला वारा आणि अंतर वाचतो. स्प्रिंगवाल्याला त्याशिवाय स्वतःलाही वाचावं लागतं.

म्हणून मी क्लबाच्या मीटिंगमध्ये म्हटलं, की एक रविवार फक्त स्प्रिंगवाल्यांचा ठेवू या. 'कल्पना तुझी, तर काम तुझं' हा नियम आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळातला असेल असं मला वाटायचं. तो जागतिक आहे.

माझं पहिलं मत इथेच सांगून टाकतो. स्प्रिंगवाल्यांसाठी वेगळी स्पर्धा म्हणजे भोकं मोठी करून अंतरं कमी करायची, हा समज चूक आहे. तो त्यांचा अपमान आहे. क्लबातल्या दोघांनी मला प्रेमाने तसंच सुचवलं होतं. मी २० लेन आखल्या, प्रत्येकीत दोन टार्गेट्स, एकूण ४०. सहा टार्गेट्स ५० यार्डांच्या पुढे ठेवलीच. पण तिथे बसायला सपाट जागा दिली, कारण उतारावर बसलं की रायफलचा भार बदलतो आणि मग नेमबाजीपेक्षा मांडीची परीक्षा होते. अवघडपणा मी दुसरीकडून आणला. एक टार्गेट गर्द सावलीत, जिथे दुर्बिणीत अंतर धड ठरत नाही. एक मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे वारा आडवा येतो आणि झुळकेनेही छर्रा दोन-तीन इंच सरकतो. माझा हिशोब असा, की जिंकणाऱ्याने ३४-३५ पाडावीत आणि शेवटच्याने निदान १५. शेवटचा माणूस सहा-सात पाडून घरी गेला तर तो पुढच्या वर्षी येत नाही. यात त्याचं नाही, आखणाऱ्याचं चुकलं.

प्रत्येक टार्गेट आदल्या दिवशी तपासायचं असतं. पत्र्यावर मारून बघायचं, पडता कामा नये. पट्टीच्या अगदी खालच्या कडेला मारून बघायचं, पडायलाच हवं. चाळीस टार्गेट्स, दोन-दोन तपासण्या, नऊ ठिकाणी दुरुस्ती. टेस्टिंगचा कंटाळा करणाऱ्या आमच्या टीममधल्या मुलांना एकदा तिथे नेणार आहे.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

इथे परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलची ताकद १२ फूट-पाउंडांच्या वर असून चालत नाही. (स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या डिसेंबरअखेरपासून याहून कमी ताकदीच्या एअर रायफललाही सर्टिफिकेट लागतं.) १२ च्या वर गेली की कायद्याच्या नजरेत ती वेगळीच वस्तू होते, आणि ती विनापरवाना जवळ असणं हाच गुन्हा. यात 'थोडीशीच' असा प्रकार नाही. म्हणून स्पर्धेच्या सकाळी क्रोनोग्राफवर प्रत्येक रायफलचा वेग मोजतात. ८.४४ ग्रेनचा छर्रा असेल तर सेकंदाला ८०० फूट ही साधारण लक्ष्मणरेषा. शहाणा माणूस ७८० च्या आसपास राहतो, म्हणजे ११.४.

सकाळी साडेआठला मी क्रोनोग्राफ घेऊन बसलो. सव्वीस रायफली. सतरावी होती आमच्या क्लबातल्या सगळ्यात जुन्या सभासदाची. वय ७८. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. मला पहिल्या दिवशी रायफल कशी धरायची ते यांनीच शिकवलं. 'घट्ट पकडू नकोस, ती तुझ्या हातात नुसती ठेवलेली असू दे,' हे त्यांचं वाक्य. या स्पर्धेसाठी त्यांनी हिवाळ्यात आपली जुनी जर्मन रायफल स्वतः उघडून, नवी स्प्रिंग आणि नवं ग्रीस घालून तयार केली होती. थंडीत ती ७८५ ला मोजलेली. पण हा होता जूनमधला उकाड्याचा रविवार. थंडीतलं घट्ट ग्रीस पातळ झालेलं.

८०६. ८०९. ८०४.

मी पुन्हा मोजलं. यंत्राची बॅटरी बदलली. माझी स्वतःची रायफल मोजली, ती नेहमीसारखी ७७८. पुन्हा त्यांची, ८०७. म्हणजे १२.२.

मागे रांग होती. एकजण हळूच म्हणाला, 'जड छर्रा घालून बघ, खाली येईल.' येईलही, बऱ्याच स्प्रिंग रायफलींत जड छर्ऱ्याने आकडा उतरतो. पण रायफल तीच राहते. पोलिसांनी मोजायचं ठरवलं तर ते तुमच्या सोयीचा छर्रा थोडाच वापरणार? दुसरा म्हणाला, 'दशांशाचा तर प्रश्न आहे.' सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'स्पर्धा तुझी आहे, तू ठरव.' मीटिंगमध्ये आवडलेलं वाक्य आता तितकंसं आवडलं नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या डोक्यात आधी नियम आला नाही. आधी माझा व्हिसा आला. मग जमिनीचा मालक आला, ज्याच्या मर्जीवर क्लबाचं रान आहे. मग विमा. आणि गंमत म्हणजे हीच पॉइंट १७७ बोअरची रायफल आपल्याकडे निवांत चालली असती. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या बोअरला २० ज्यूलपर्यंत, म्हणजे साधारण १५ फूट-पाउंडांपर्यंत परवाना लागत नाही. रायफल तीच, माणूस तोच, धोकाही तोच. नऊ तासांच्या विमानप्रवासात गुन्हा विरघळतो. हे मला त्या क्षणी आठवलं आणि जरा रागही आला, कायद्याचा.

पण तरी मी नाही म्हणालो. 'माफ करा, ही आज वापरता येणार नाही.' आजोबांनी आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रायफल केसमध्ये ठेवून चेन लावली. ओठातून शब्द नाही. रांगेतले दोघे मात्र नंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझं म्हणणं असं, की मजेमजेच्या स्पर्धेत क्रोनोग्राफ सैल ठेवावा हे मत घातक आहे, आणि स्प्रिंगवाल्यांच्या बाबतीत दुप्पट घातक. पीसीपीवाल्याचा आकडा वर गेला तर बहुतेक वेळा एक स्क्रू फिरवून तो तिथल्या तिथे खाली आणता येतो. स्प्रिंग रायफल उघडावी लागते, त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, स्प्रिंगवरचा ताण कमी करावा लागतो. सकाळी नऊला रानात हे कुठे करणार? म्हणून तर तिथे 'चालवून घ्या'चा मोह जास्त. आणि एकदा आजोबांसाठी चालवून घेतलं, की पुढच्या वेळी कुणाला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? ज्यांना ११.४ वर राहण्यासाठी स्वतःची रायफल दोनदा उघडावी लागली, ते समोरच उभे होते.

पण दोष आजोबांचा नव्हता, माझा होता. स्प्रिंग रायफल हवामानाप्रमाणे बदलते हे मला माहीत होतं. स्पर्धेआधी दोन आठवडे एक संध्याकाळ नुसती मोजायला ठेवली असती, 'उकाड्यात एकदा येऊन बघून जा' एवढं कळवलं असतं, तर हा प्रसंग आलाच नसता. टार्गेट्स मी दोन-दोनदा तपासली, माणसांच्या रायफली मात्र थेट प्रॉडक्शनमध्ये तपासल्या. रानाची आखणी, टार्गेट्सचा रंग, चहा (आलं घालून, प्रचंड खपला) या सगळ्याचं कौतुक झालं. पण आयोजकाचं मुख्य काम मी केलं नव्हतं.

शिट्टी वाजायच्या पाच मिनिटं आधी मी माझी रायफल आजोबांना दिली. मला तसंही दिवसभर पळापळ करायची होती. दुसऱ्याची स्प्रिंग रायफल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. पहिल्या पाच लेनमध्ये त्यांनी दहापैकी दोन पाडली. मी लांबून 'टण्ण' मोजत होतो. मग हळूहळू त्यांचा डावा हात आपली जागा शोधू लागला. शेवटी ४० पैकी १९. जिंकणाऱ्या बाईंनी ३३ पाडली, माझ्या अंदाजापेक्षा एक कमी, आणि सगळ्यात शेवटी असलेल्याची १४.

दुपारी एकाने जवळच्या घरून स्प्रिंग कॉम्प्रेसर आणला. शेडमध्ये चौघांनी मिळून आजोबांची रायफल उघडली, एक वॉशर काढून टाकला, पुन्हा जोडली. ७७०. आजोबांनी आकडा आपल्या वहीत तारखेसह लिहिला, 'उकाडा' असा शेरा मारला आणि गाडीत बसून निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता हे बोलायचे नाहीत.

गुरुवारी त्यांची ईमेल आली. लांबलचक. क्रोनोग्राफबद्दल एक शब्द नाही. सगळी तक्रार सात नंबरच्या लेनबद्दल. २५ मिलीमीटरचं भोक, सावलीत, आणि वर ते फांदीच्या इतकं आड, की डावखुऱ्या माणसाला बसल्यावर अर्धंच दिसतं. 'आखताना तू स्वतः दोन्ही खांद्यांवरून बघितलं होतंस का?'

नव्हतं बघितलं. शनिवारी जाऊन ती फांदी कापून आलो. पुढच्या वर्षीची रायफली मोजायची संध्याकाळ मेअखेर ठेवली आहे, आणि क्रोनोग्राफवर बसायला आजोबा तयार झालेत.