विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, आधी निदान की आधी पार्ट?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कोड दिसतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो : ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ बिल भरले जाते आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. हा प्रकार टाळायचा तर कोड म्हणजे निदान नव्हे, हे गाडीमालकाने आधी समजून घ्यायला हवे.

कोड नेमके काय सांगतो?

कोड देणारी ‘ओबीडी-२’ यंत्रणा अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांतही ती असते. तिचे मूळ काम धुरातील प्रदूषणावर लक्ष ठेवणे. त्यामुळे ती बिघाडाचे लक्षण सांगते, कारण नाही.

उदाहरणार्थ, ‘पी०१७१’ हा कोड. त्याचा अर्थ एवढाच, की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे. पेट्रोल गाडीत १ किलो इंधनाला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडल्याचे ऑक्सिजन सेन्सर कळवतो. कारण मात्र तडकलेला व्हॅक्यूम पाइप असू शकते किंवा दाब न देणारा फ्युएल पंप. अशा वेळी सेन्सर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

तपासणीचा क्रम कसा असावा?

पहिली पायरी : दिवा पाहा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर आहे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नका.

दुसरी : लक्षणे लिहून ठेवा. त्रास इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? पेट्रोल गाडीत काळा धूर जास्त इंधनाची, निळा ऑइल जळत असल्याची आणि सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट आत शिरल्याची खूण असू शकते.

तिसरी : डोळ्यांनी पाहा. ऑइल आणि कूलंटची पातळी, बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टर, सुटलेले किंवा उंदरांनी कुरतडलेले पाइप आणि वायर. याला खर्च नाही.

चौथी : कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. बिघाड नोंदला गेला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि तापमान ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठवलेले असते. कोड पुसला की तो पुरावाही जातो.

पाचवी : संशय तपासून पाहा. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर मेकॅनिक पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लावून पाहू शकतो. कोड बदलून ‘पी०३०२’ झाला तर दोष कॉइलचा. तो तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचे.

मग असे होत का नाही?

कारण निदानाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असे म्हणणारा ग्राहक पार्टचे बिल मात्र निमूट भरतो. तासभर डोके चालवून दहा मिनिटांत पाइप बदलणाऱ्या मेकॅनिकच्या हाती काहीच पडत नसेल, तर तो पार्टच विकणार. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही.

म्हणून तपासणीची मजुरी बिलात वेगळी दाखवावी आणि ग्राहकाने ती खळखळ न करता द्यावी. त्या बदल्यात त्याने तीन प्रश्न विचारावेत : कोड कोणता होता? हाच पार्ट खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरले? काढलेला जुना पार्ट कुठे आहे? या प्रश्नांची उत्तरे देणारा मेकॅनिक तपासणीचे चार पैसे जास्त घेत असला, तरी शेवटी तोच स्वस्त पडतो.