विश्लेषण : धरणातील पाणी हिरवे झाले, तर उकळून प्यायले चालेल का?

चाकूर : ‘पाणी उकळून, गाळून प्या.’ टंचाईच्या दिवसांत आणि पावसाळ्याच्या तोंडावर ही सूचना दवंडीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरते. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइडच्या जंतूंसाठी ती योग्यच आहे. मात्र, धरणातील किंवा तलावातील पाण्यावर हिरवा तवंग आला असेल, तर ही सूचना पुरेशी नाही. त्या तवंगात विष असेल, तर ते उकळल्याने जात नाही. चाकूरसह लातूर, नांदेड परिसरातील साठे उन्हाळ्यात तळ गाठतात, तेव्हा हा धोका समजून घेणे गरजेचे ठरते.

हिरवा तवंग म्हणजे नेमके काय?

आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण पाण्यावर रंग ओतल्यासारखा दिसणारा तवंग बहुतेक वेळा ‘निळ्या-हिरव्या शेवाळा’चा असतो. शास्त्रीय भाषेत ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. त्यातील अनेक जाती निरुपद्रवी आहेत; भातशेतीत काही जाती खत म्हणूनही वापरतात. मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती मात्र विष तयार करू शकतात. तवंग विषारी आहे की नाही, हे नुसते पाहून किंवा वास घेऊन कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

मराठवाड्यातील साठ्यांना धोका का?

या जिवाणूंना चार गोष्टी मानवतात : ऊन, कोमट पाणी, संथ साठा आणि भरपूर नत्र-स्फुरद. शेतातील युरिया, डीएपी आणि गावातील सांडपाणी वाहत साठ्यात येते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की ही खते त्याच थोड्या पाण्यात राहतात. पातळी खालावली की जॅकवेलचे पाणी ओढण्याचे तोंड आणि वरचा तवंग यांतील अंतरही घटते. वारा हा तवंग एका काठाला ढकलतो. त्यामुळे एका बाजूला स्वच्छ दिसणारे पाणी दुसऱ्या बाजूला हिरवेगार असू शकते.

राज्यात हे नवे नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे ज्या उजनी धरणात पोहोचते, तेथील पाणी हिरवे होण्याच्या तक्रारी अनेकदा झाल्या आहेत. सोलापूर शहर याच धरणाचे पाणी पिते.

शरीरावर काय परिणाम होतो?

असे पाणी पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, पोटदुखी होऊ शकते. अंगावर घेतल्यास खाज, पुरळ, डोळ्यांची जळजळ होते. मायक्रोसिस्टिन हे विष प्रामुख्याने यकृतावर हल्ला करते. काही विषे मूत्रपिंडावर, तर काही मज्जासंस्थेवर परिणाम करतात. लहान मुले, यकृताचे रुग्ण आणि डायलिसिसवरील रुग्णांना धोका अधिक. ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ मध्ये डायलिसिस केंद्राला असे दूषित पाणी पुरवले गेले आणि ५० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. काठावर पाणी पिणारी जनावरेही दगावू शकतात.

किती विष धोकादायक?

दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिनची मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम. हे किती कमी आहे? २०१६ च्या टंचाईत मिरजेहून लातूरला आलेल्या ५० वाघिणींच्या ‘जलदूत’ रेल्वेत सुमारे २५ लाख लिटर पाणी असायचे. एवढ्या पाण्यात अवघे अडीच ग्रॅम विष मिसळले, तरी ही मर्यादा गाठली जाते.

उकळले, औषध टाकले तर?

उकळल्याने जिवाणू मरतात. पण मरताना त्यांच्या पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात उतरते. ते उष्णतेने नष्ट होत नाही. अमेरिकेतील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये नळाच्या पाण्यात हे विष आढळले. तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना ‘पाणी पिऊ नका, उकळूही नका’ असे सांगण्यात आले.

साठ्यात थेट मोरचूद टाकणेही अंगलट येऊ शकते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकले गेले. त्यानंतर काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. त्यात बहुतांश मुले होती.

मग पाणी योजनेने काय करायचे?

क्रम महत्त्वाचा. आधी तुरटीने अख्ख्या पेशी खाली बसवून गाळून काढायच्या आणि क्लोरीन त्यानंतर द्यायचे. सुरुवातीलाच क्लोरीनचा मारा केला तर पेशी फुटतात. गाळलेल्या पाण्यात योग्य मात्रेतील क्लोरीन किमान अर्धा तास राहिले आणि पाण्याचा पीएच आठच्या खाली असला, तर मायक्रोसिस्टिन बरेचसे नष्ट होते. मोठ्या प्रमाणावर विष असेल तर सक्रिय कार्बनची जोड लागते. शक्य असेल तेथे तवंगापासून दूर, मधल्या थरातील पाणी उचलणे हा सोपा उपाय.

अडचण आहे ती तपासणीत. जलजीवन मिशनअंतर्गत गावांना दिलेल्या किटमध्ये क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, गढूळपणा अशा गोष्टी तपासता येतात. हे विष त्यात कळत नाही. म्हणजे किटचा निकाल ‘योग्य’ आला, तरी हिरव्या पाण्याबाबत तो खात्री देत नाही.

घरी काय कराल?

- साठ्यात काठी बुडवून पाहा. धागे लटकून वर आले तर ते बहुधा साधे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी दिसली तर निळे-हिरवे असण्याची शक्यता अधिक. तवंगाला हात लावू नका.
- नळाला हिरवट पाणी आले तर ते पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका आणि बाळाचे दूध बनवू नका.
- कापडाने किंवा कँडल फिल्टरने गाळल्याने विरघळलेले विष निघत नाही. कार्बन फिल्टर असलेले चांगल्या स्थितीतील आरओ यंत्र विष बरेच कमी करते.
- खोल बोअरच्या पाण्यात सूर्यप्रकाश नसल्याने हा धोका जवळपास नसतो. मात्र, त्यातील फ्लोराइड, नायट्रेट तपासून घ्यावे.
- जनावरांना तवंगाच्या काठावर पाजू नका.
- तारीख आणि ठिकाणासह फोटो काढून नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीला कळवा आणि विषाची तपासणी करण्याची लेखी मागणी करा.

किटला जे दिसत नाही, ते पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा काठावर गुरे चारणाऱ्याला आधी दिसते. त्यांनी वेळीच कळवले आणि कळवल्यावर कोणी ऐकून घेतले, तर हिरवे पाणी नळापर्यंत पोहोचण्याआधी थांबवता येते.