बाहुलीच्या घराला दोन दारं

चैत्र लागला की घर नव्यानं दिसायला लागतं. वर्षभर नजरेआड केलेला भिंतीचा पोपडा खुपू लागतो, कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालावंसं वाटतं, माळ्यावरची भांडी खाली येतात. पाडवा म्हणा की युगादी, आपल्या भागात दोन्ही नावांनी एकच दिवस उजाडतो आणि झाडूही दोन्हीकडे सारखाच फिरतो. मोठ्यांची ही कामं चालू असताना पोरांचं काय करायचं, हा मात्र दर वर्षीचा प्रश्न. परीक्षा संपलेली, ऊन तापलेलं. बाहेर सोडवत नाही आणि घरात आवरत नाहीत! यावर आपल्या आज्यांचं एक साधं उत्तर होतं. मोठ्या घराचं काम काढलं की उरल्यासुरल्या सामानातून पोरांना बाहुलीचं घर मांडू द्यायचं.

गेल्या चैत्रात मी हे काम केलं ते माझ्या धाकट्या बहिणीकडे, सावरगावला. सावरगावं महाराष्ट्रात पुष्कळ, पण हे आहे मध्य प्रदेशात. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेवर पांढुर्णा लागतं. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, समोरच्या काठाला सावरगाव. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. हा संत्र्यांचा मुलूख. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे तीही माणसं आपल्यासारखीच, सीमेवरची! "अक्का, मला इथं परकं वाटलंच नाही. फक्त कन्नडच्या जागी हिंदी आली," असं बहीण म्हणते ते काही खोटं नाही.

तिकडे चैत्रातलं पहिलं काम म्हणजे कूलर. उन्हाळा आपल्यापेक्षा फार कडक. कूलर बाहेर काढायचा, टाकीचा गंज खरवडून रंग मारायचा, लाकडाच्या किसाच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या. मग मागच्या सपरीच्या भिंतींना चुना, दाराला ऑइलपेंटचा हात, जुन्या सुती साडीचे पडदे. या प्रत्येक कामातून काहीतरी उरतंच. तळाशी वाटीभर रंग, ताटीचा मूठभर कीस, साडीच्या काठाची पट्टी. बहिणीच्या सात वर्षांच्या लेकीनं हे सगळं एका टोपल्यात जमवलं आणि मला म्हणाली, "मावशी, आता घर कुठं आहे?"

घर माळ्यावर सापडलं. संत्र्यांची जुनी लाकडी पेटी! आता माल बहुतेक प्लास्टिकच्या कॅरेटांतून जातो, त्यामुळे अशी पेटी मिळाली तर टाकू नका. आडवी ठेवली की घराचा सांगाडा तयार. आम्ही आधी खिळ्यांची वर आलेली टोकं ठोकून बसवली, पॉलिश पेपरनं फळ्या घासल्या, मध्ये एक फळी टाकून वरचा मजला केला. चुना आदल्या संध्याकाळी मोठ्यांनीच भिजवला. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, तेव्हा पोरांना लांबच ठेवावं. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून, थोडा डिंकाचा चीक घालून दोन हात दिले. डिंकामुळे भिंतीचा पांढरा हाताला लागत नाही. खाली गेरूची जमीन. हिराच्या काड्यांचे खिडकीला गज. काडेपेट्या एकावर एक चिकटवून कपाटाचे खण, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद म्हणजे वरच्या मजल्यावरची फरशी. गादी नव्या ताटीच्या उरलेल्या किसाची. जुन्या ताटीचा कीस घेऊ नका, त्यात क्षार आणि बुरशी बसलेली असते.

मापाचं एक सोपं गणित सांगते. फुटाला इंच धरायचा. सहा फुटांचं दार सहा इंचांचं, पाच फुटांची बाई पाच इंचांची बाहुली. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर बांधलं गेलं, तेही याच मापाचं. त्यात विजेचे दिवे आहेत आणि नळाला पाणीसुद्धा येतं. आराखडा कुणाचा? एडविन लुटियन्स यांचा. ज्या काळात ते दिल्लीत आजचं राष्ट्रपती भवन उभं करत होते, त्याच काळात त्यांनी हे खेळण्यातलं घर आखलं. एवढ्या मोठ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण पेटीला चुना लावताना कशाला लाजायचं?

घर मांडताना एक गंमत होते. प्रत्येक वस्तूचं नाव घ्यावं लागतं. आजकालच्या फ्लॅटमध्ये कोनाडा नाही, उंबरा नावापुरता, पडसाळ तर नाहीच. पोरांना हे शब्द कुठं भेटणार? पेटीत मात्र सगळं करता येतं. मी बेळगावची, आई कन्नड, वडील मराठी. त्यामुळे माझ्या तोंडून दोन्ही नावं येत गेली. उंबऱ्याला होस्तिलु, दाराला बागिलु, माळ्याला अट्ट, चुलीला ओले, कोनाड्याला गूडु. पडसाळीला पडसाले म्हटल्यावर पोरगी हसायलाच लागली. "हे तर आपलंच आहे!" खिडकी आणि किटकीचंही तसंच. तिची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, वऱ्हाडी नावं सांगत होत्या. एका पेटीत तीन भाषा नांदल्या आणि दाटी काही झाली नाही.

घर झालं, बाहुली आली, आता बाहुला हवा. तो होता पांढुर्ण्याला, आजीच्या भावाच्या नातीकडे. अक्षय्य तृतीयेला लग्न लावायचं ठरलं. छत्तीसगडमध्ये या दिवसाला अक्ती म्हणतात आणि मुलं मातीच्या बाहुल्यांची लग्नं लावतात. आपल्याकडेही सुट्टीत बाहुला-बाहुलीचं लग्न कुणी लावलं नाही, असं घर विरळा. पण "बाहुला पांढुर्ण्याचा" म्हटल्याबरोबर पोरीच्या दहा वर्षांच्या भावाचे डोळे चमकले. त्यानं एका काडीला चिंधी बांधून पेटीसमोर झेंडा रोवला, अंगणातले खडे गोळा केले आणि मित्राला म्हणाला, "तू पांढुर्णा, मी सावरगाव."

हा खेळ समजायला गोटमार ठाऊक हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. तो पांढुर्ण्याच्या लोकांनी काढायचा, सावरगावच्या लोकांनी राखायचा, आणि दोन्ही काठांवरून गोट्यांचा मारा. दंतकथा अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावच्या मुलीला पळवून नेलं. नदी ओलांडताना या काठानं गोटे मारले, मग त्या काठानंही मारले, आणि त्यात ती दोघं गेली. दर वर्षी माणसं जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनानं गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक पुन्हा गोट्यांवरच आले. तिथल्या पोरांना हा सगळा प्रकार पाहून पाहून पाठ आहे. पहिला खडा चुन्याच्या ओल्या भिंतीवर बसला आणि पोरगी रडायला लागली.

मी ओरडणार होते. पण आजी निवडणाचं सूप बाजूला ठेवून आल्या आणि नातवाशेजारी बसल्या. "मी पांढुर्ण्याची लेक अन् सावरगावची सून," त्या म्हणाल्या. "त्या दिशी एका काठावर माहा भाऊ राहे, दुसऱ्या काठावर तुहा आजा. गोटा कोनाच्या बी हातचा असो, लागे त माह्याच घरी. सकाळपासून मी हळद अन् तेल चुलीपाशी ठेवो. दोघाईसाठी."

पोरगा खडे हातात धरून ऐकत राहिला. पोरीनं विचारलं, "मग मामा-आजोबा येत होते का आपल्या घरी?"

"येत ना. अंधार पडल्यावर. मांगच्या दारानं."

पोरीनं पेटीकडे पाहिलं. तिच्या घराला एकच दार होतं. "मावशी, दुसऱ्या बाजूनं पण एक दार करू," ती म्हणाली, "पण मागचं नाही. दोन्ही पुढचीच."

दार कापायला हॅक्सॉचं पातं लागलं, आणि ते चालवायचा मान अर्थातच दादाला मिळाला. बिजागरी म्हणून आम्ही साडीच्या काठाची पट्टी चिकटवली. पेटीच्या दोन टोकांना दोन दारं, दोन्हींवर तोरण, दोन्हींपुढे रांगोळी. अक्षय्य तृतीयेला बाहुला डब्यात बसून पूल ओलांडून आला. घर सावरगावात, म्हणून तो घरजावई झाला, यावर बायका पोट धरून हसल्या. एका पेटीनं गोटमार थांबत नाही, हे मला कळतं. पोरानं रोवलेला झेंडाही कुणी काढला नाही, तो पेटीजवळ तसाच होता. पण भिंतीवर खड्यानं पडलेली खोक त्यानं स्वतः चुना भरून बुजवली, आणि तेवढ्या वेळात आजी शेजारून हलल्या नाहीत.

आपल्याकडे गोटे नसतील, पण १ नोव्हेंबर असतो. त्या दिवशी एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसरीत काळा दिवस. कुणाचं म्हणणं बरोबर, ते या सदरात ठरवायचं नाही. पण ज्या घरात आईचं माहेर एका बाजूला आणि वडिलांचं घर दुसऱ्या बाजूला, तिथल्या पोराला त्या दिवशी जेवताना काय वाटतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरी त्या दिवशी धारवाडचे मामा येत नसत. दुसऱ्या दिवशी येत, पेढे घेऊन, आणि आदल्या दिवसाबद्दल कुणीच बोलत नसे. सावरगावच्या आजींचं मागचं दार ऐकलं तेव्हा मला मामांची ती दुसऱ्या दिवशीची फेरी आठवली. मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी पेटीत करून पाहिलं तर बिघडलं काय? खेळात तरी दोन्हीकडचे पाहुणे एकाच दिवशी, पुढच्या दारानं येऊ देत.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा चैत्राची कामं काढाल तेव्हा एक पेटी बाजूला ठेवा. संत्र्यांची नसेल तर आंब्याची चालेल, नाहीतर बुटांचे दोन खोके. मुलगी आणि मुलगा दोघांनाही बसवा. चुना मुलीनं लावायचा आणि पातं मुलानंच चालवायचं, असं काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र जवळ बोलवा, कारण वस्तूंची नावं त्यांनाच येतात, आणि नावांमागून गोष्टी येतात.

हे घर एकाच सणाचं नसतं, हा आणखी एक फायदा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यांच्या आराशीत ते मांडा. आंब्याची डाळ आणि पन्हं असतंच. ज्यांच्याकडे रामनवमीला कोसंबरी आणि पानक करतात, त्यांना ही चव काही वेगळी सांगायला नको. मग सहा महिन्यांनी नवरात्रात गोंबे बसतील. वरच्या पायरीवर राजा-राणीच्या पट्टद गोंबे, आणि खालच्या पायरीवर रोजच्या जगातल्या गोष्टी असतात, दुकानं, शेतं, घरं. तिथं हेच घर ठेवा. गोकाकची मातीची फळं, सावंतवाडीची लाकडी भातुकली, चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी, जे घरात असेल ते आत मांडा. पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. कडुनिंबाचा पाला टाकून जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाका.

आणि दारं बसवताना बिजागरी कापडाचीच लावा. ती दोन्ही बाजूंना उघडते.