दोनच गोळ्या कापून द्या!

‘काका, सर्दीची गोळी द्या ना, दोनच.’ पावसाळा सरत आला, रिकाम्या प्लॉटवर काँग्रेस गवत फुललं की पुण्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर हे हमखास ऐकू येतं. काका पट्टीला कात्री लावतात, आपण तिथेच गोळी गिळतो आणि गाडी काढतो.

मीही हेच करायचे. एकदा भर दुपारी सिग्नलला मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, तेव्हा कळलं की हिरवा लागून बराच वेळ झालाय. मी डुलकी घेत नव्हते. डोळे सताड उघडे होते, डोकं मात्र बंद. भीती वाटली ती याचीच.

झालं काय, तर अ‍ॅलर्जीत शिंका आणि खाज आणणारं हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवायचंही काम करतं. क्लोरफेनिरामाइन किंवा आपली ओळखीची ‘अविल’ ही जुनी औषधं मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात. रात्री घेतली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पेंग राहू शकते. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नवी औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत. सेट्रिझिन मधलं: एखाद्याला काहीच होत नाही, एखादा लेक्चरभर पेंगतो.

म्हणून जुनी गोळी वाईट, असं नाही. अंगावर पित्त उठून रात्रभर खाजत असेल तर तीच झोप बरी वाटते. राग आहे तो त्या कात्रीचा. नाव एका तुकड्यावर जातं, ‘झोप येऊ शकते, वाहन चालवू नका’ हा इशारा दुसऱ्या, आणि आपल्या हातात येतात दोन निनावी गोळ्या. मग सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन आहे हे माहीतच नसतं आणि वर आपण अविल घेतो. म्हणजे गुंगी डबल. त्यात रात्री पार्टीत दारू झाली तर विचारूच नका.

होस्टेलवर तर परीक्षेच्या आदल्या रात्री झोप यावी म्हणूनही ही गोळी घेतात. यार, पेपर सकाळी असतो! शिवाय रोज घेतली तर गुंगीची सवय होते, मग एकाच्या दोन होतात.

नवी गोळी पहिल्यांदा घेताना रात्री घ्या, सकाळी गाडी चालवायची नसेल अशा दिवशी. दमा, काचबिंदू किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर गोळीच्या भरवशावर न राहता थेट हॉस्पिटल गाठा.

परवा मी काकांना विचारलं, ‘हिच्यात काय आहे? झोप येते का?’ ते म्हणाले, ‘येते ना. पण कुणी विचारतच नाही.’ न विचारता सांगायला काय हरकत होती, हे ओठांवर आलं होतं. त्याऐवजी अख्खी पट्टी मागितली आणि मागच्या बाजूचा फोटो काढून घेतला.