ठेका सांभाळा, मग ट्रॉम्बोन येऊ द्या

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी सुरू झाली आहे, म्हणून हा विषय आताच काढतो. गेल्या वर्षी आपल्याच चार मुलांनी तबला, पेटी, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन घेऊन एक अभंग बसवला होता. "हे आपलं नाही" असे म्हणून त्यांना वेळ मिळाली नाही. त्यातली ट्रॉम्बोनवाली माझी मुलगी. तेव्हा माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो.

आपल्या शेजारच्या न्यूयॉर्क शहरात १९४० साली माचितो या क्यूबन गायकाने 'आफ्रो-क्यूबन्स' हा वाद्यवृंद काढला. ज्या काळात काळ्या माणसाला अनेक दारे बंद होती, त्या काळात 'आफ्रो' हा शब्द त्यांनी पाटीवर लावला. पुढच्या वर्षी माचितोचे मेहुणे मारिओ बाउसा संगीत दिग्दर्शक झाले. ते मूळचे हवानाचे, पण चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्याकडे ट्रम्पेट वाजवून जॅझमध्ये मुरलेले. १९४३ मध्ये माचितोला सैन्यात जावे लागले, तेव्हा मानलेली बहीण ग्रासिएला क्यूबाहून आली आणि तिने गाण्याची बाजू सांभाळली. थोडक्यात, घरचाच कारभार, आपल्या मंडळासारखा!

त्याच वर्षी बाउसांनी 'टांगा' ही रचना बांधली. लॅटिन जॅझची सुरुवात तिच्यापासून मानतात. वर ट्रम्पेट-सॅक्सोफोन जॅझचे, खाली काँगा-बाँगो क्यूबाचे. पण मुख्य गोष्ट म्हणजे 'क्लावे'. दोन लाकडी काठ्यांवर वाजणारे पाच ठोके, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. आपल्या ठेक्यासारखेच सगळे त्याला बांधलेले. वर काय हवे ते वाजवा, क्लावे सोडायची नाही.

यात क्यूबाचे संगीत बाटले का? उलट ते पसरले. चार्ली पार्कर या मंडळींबरोबर वाजवून गेला. टिटो प्युएंते तरुणपणी याच वाद्यवृंदात होता. बाउसांनीच चानो पोझोची गाठ डिझी गिलेस्पीशी घालून दिली, आणि १९४७ मध्ये 'मांतेका' जन्मली. माचितो १९८४ साली लंडनच्या दौऱ्यावर असताना वारले, पण त्यांचे संगीत थांबले नाही.

ज्येष्ठांची भीती मला समजते. फ्यूजनच्या नावाखाली पुष्कळदा नुसता गोंगाट होतो. खरे सांगायचे तर गेल्या वर्षी तालमीत माझी लेक दोनदा समेवर चुकली होती. पण त्यावर उपाय नकार हा नाही. आपल्यातल्या तबलजी काकांनी मुलांना बसवून भजनी ठेका टाळी-खालीसह हातावर म्हणायला लावावा. जमला तर दहा मिनिटे द्यावीत. नाही जमला तर पुढच्या वर्षी या म्हणावे. हा नियम तबल्यावाल्या मुलालाही लागू!

यंदा नाव देऊ का, असे लेकीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, परत कशाला विचारायचं?" पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल. तिला विचारायला आता मी नाही, समितीने यावे, एवढीच विनंती.