लोखंडी पिंप व बोर्डो मिश्रण

गिरगाव-लालबागेत पूजेस लागणारी कोकणची सुपारी पावसाळ्यात कोळेरोगास बळी पडते. १ टक्का बोर्डो मिश्रण हा त्यावरील जुना उपाय होय. १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. या मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. लोखंडी पिंपात ते विरघळविल्यास चुन्याआधी लोखंडच तांबे ओढून घेते व फवारणी निष्फळ ठरते. यास्तव मातीचे वा प्लॅस्टिकचे भांडे वापरावे. तयार मिश्रणात घासलेले लोखंडी पाते क्षणभर बुडवावे. ते तांबूस झाल्यास चुना वाढवावा. ग्रामसेवकाने केवळ नियम सांगू नये, पाते बुडवून दाखवावे. कारण उमगलेला शेतकरी पुन्हा चुकत नाही.